सहा की सात

शेठ गेल्यावर त्यांच्या थडग्याच्या दगडाचं काम मी केलं. कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो, तू तर आपल्यातला, ज्यू लोकांच्या दगडाशी तुझा काय संबंध? संबंध असा की मी एकोणतीस वर्षं त्यांच्या शॉपमध्ये फिटर होतो, त्यांची दोन्ही मुलं इस्राएलमध्ये, अश्दोदला, आणि २०२३ च्या डिसेंबरात शेठच्या बायकोचा, काकूंचा फोन आला, "अरे दगडाचं राहिलंय, वर्ष होत आलं, तू बघतोस का?" मी म्हटलं बघतो. मला वाटलं त्यात काय, ग्रॅनाइट आणायचा, नाव खोदून घ्यायचं, सिमेंटमध्ये बसवायचा, आठ दिवसांचं काम. तीन महिने गेले.

आमचं शॉप वागळे इस्टेटमध्ये. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनं शेपर जे शेठ विकू देत नव्हते, आणि मागे एक टेबल जिथे शेठ स्वतः बसून काहीतरी घासत असायचे. १९९४ साली रोह्याहून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे शनिवारी सुट्टी आणि रविवारी काम. रविवारी मॅच असायची म्हणून मी जाम वैतागायचो. एकदा तोंडावर बोललो तर शेठ हसले, म्हणाले, "आमचे आजोबा घाणा चालवायचे अलिबागकडे, त्यांचा बैलसुद्धा शनिवारी सुट्टी घ्यायचा, तू काय बैलाच्या पुढचा?" नंतर समजलं की ती नुसती मस्करी नव्हती. त्यांच्या दहा आज्ञांमध्ये शनिवारी जनावरालाही विश्रांती द्यायची असं लिहिलेलं आहे. बेने इस्राएल, म्हणजे शेठसारखे कोकणातले ज्यू, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते सांगतात. आडनावं आपल्यासारखीच, गावाच्या नावापुढे कर. बोलणं तर माझ्यापेक्षा जास्त कोकणी ढंगाचं.

शेठना लोक कारखानदार म्हणायचे, काकू संशोधक म्हणायच्या, ते स्वतःला फिटर म्हणायचे. त्यांची जी एक वस्तू चालली ती म्हणजे टायमर. त्याचं मूळ असं की शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत, ते लोक दिव्याचं बटण दाबत नाहीत. लावायचं पण नाही, बंद पण करायचं नाही. मग शुक्रवारी लावलेला दिवा रात्रभर जळत राहतो नाहीतर अंधारात बसा. बाजारात घड्याळाचे टायमर मिळायचे पण त्यांना रोज एकच वेळ कळते, आणि सूर्य काही एकाच वेळेला मावळत नाही. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमाराला अंधारायला लागतं, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात होऊन जातात. सव्वा तासाचा फरक. दर आठवड्याला कोण सेटिंग करणार?

तर शेठनी काय केलं, पितळेची एक चकती घेतली जी वर्षात एकदा फिरेल, पंचांगातून सूर्यास्ताच्या वेळा काढल्या, आणि त्या वेळांप्रमाणे चकतीची कड कानशीनं घासली. वेळ उशिराची तिथे कड बाहेर, लवकरची तिथे आत. म्हणजे कॅमच. कडेवरून एक छोटी पिन चालते, ती पिन स्विचचा आर्म मागेपुढे सरकवते, बाकी मोटर साधी सिंक्रोनस, दिवसाला एक फेरा. ती चकती हातात घेतली तर अंड्यासारखी वाटते, एका अंगाला फुगलेली, आणि कडेला बोट फिरवलं की कुठेही अडकत नाही. मी एवढी वर्षं फिटिंग केलं, मला तशी कड हातानं आली नसती. वर शुक्रवारसाठी एक वेगळी खिट्टी होती, सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी घंटी वाजायची, टिंग, की काकू मेणबत्त्या लावायच्या.

पहिला पीस त्यांनी सिनेगॉगसाठी, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरासाठी केला, दुसरा घरी. धंदा वगैरे डोक्यात नव्हता. मग पनवेलकडचा एक पोल्ट्रीवाला कसलंसं बुश बनवून घ्यायला आला आणि टेबलावर हे फिरताना बघून म्हणाला हे काय आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सोळा तास उजेड लागतो, नाहीतर अंडी कमी होतात, म्हणजे सूर्य जेवढा कमी देतो तेवढा बल्बनं भरून काढायचा, आणि हे सूर्यास्ताप्रमाणे आपोआप सरकणारं यंत्र म्हणजे त्याच्या दृष्टीनं सोनं. त्यानं चार घेतले. मग त्याच्या मेव्हण्यानं. मी लागलो तेव्हा आम्ही महिन्याला पन्नास-साठ टायमर करत होतो, चकत्यांचा मास्टर शेठनी घासलेला, बाकी आम्ही कॉपी मिलिंगनं काढायचो. शब्बाथ पाळायला केलेल्या यंत्रावर कोकण आणि घाटावरच्या कोंबड्या अंडी घालत होत्या, शेठना याची भारी गंमत वाटायची.

पेटंटचा अर्ज टाकला होता, पुढचे पैसे भरलेच नाहीत. एका मोठ्या कंपनीनं सँपल नेऊन तसाच्या तसा माल काढला, आमच्यापेक्षा स्वस्त. शेठ दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले त्यांची चकती बघितलीस का, डिसेंबरात अडकते. पुढे डिजिटल टायमर आले आणि विषयच संपला, आम्ही जॉबवर्क करायला लागलो. असो.

आता त्यांच्या समाजाचं. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं आहे, सिव्हिल हॉस्पिटलजवळ, शाअर हश्शामायीम, म्हणजे स्वर्गाचं दार. शेठ शुक्रवारी दुपारी तीनला शॉप बंद करून तिकडे, मग पंख्याचं बेअरिंग बदल, दाराची बिजागरी बघ, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढायला लाकडी घडीचा रॅम्प त्यांनीच केलेला. कुणी गेलं की मयतीच्या सगळ्या कामात पहिले, आंघोळ घालण्यापासून खड्ड्याचं माप बघण्यापर्यंत. आणि माणसं जमवणं. त्यांच्यात काही प्रार्थनांना, गेलेल्या माणसासाठी म्हणतात त्या कद्दीशला वगैरे, दहा मोठे पुरुष लागतात, नऊ असले तर चालत नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू किती, तर ४,६५०. ठाण्यात त्यातल्या त्यात बरे आहेत तरी कामाच्या दिवशी सकाळी दहा जमवायचे म्हणजे शेठ सहा वाजल्यापासून फोनवर. शॉपमध्ये आम्ही त्यांना चिडवायचो, दहा झाले का शेठ? मुलांनी कितीदा सांगितलं तिकडे या. शेठ म्हणायचे घाणा सोडून बैल कुठे जाणार.

सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचं नवीन वर्ष असतं, तेव्हा काकू चिकाचा हलवा करायच्या, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घोटत घोटत, गुलाबी रंगाच्या वड्या. स्टीलचा डबा शॉपमध्ये यायचा. ऑइलच्या हातानं खायचो.

तर दगड. मोठ्या मुलानं अश्दोदवरून मजकूर पाठवला, हिब्रूत. ऑक्टोबरपासून तिकडे युद्ध सुरू झालेलं, त्याचा मुलगा राखीव सैन्यात गेलेला, त्याचं स्वतःचं यायचं काही नक्की नव्हतं. फोनवर बोलताना मध्येच थांबायचा, मी पण थांबायचो. मला म्हणाला भाऊ, तू फक्त अक्षरं नीट आली का बघ. मी म्हटलं मला हिब्रू येत नाही. तो म्हणाला ड्रॉइंग समज.

दगडवाल्याकडे गेलो. काळा ग्रॅनाइट, दोन बाय तीन फूट. त्यानं भाव अक्षरावर सांगितला, मग मराठीतली अक्षरं मोजताना आमची जुंपली, जोडाक्षर एक धरायचं की दोन, वेलांटीचे पैसे का, शेवटी मी म्हटलं उकत्यात सांग. हिब्रू मजकूर त्यानं कॉम्प्युटरवर कॉपी केला, स्टेन्सिल काढली, मला फोटो पाठवला, मी तो अश्दोदला पाठवला. उत्तर आलं: सगळं उलटं आहे. ती भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि त्याच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक ओळ डावीकडून लावलेली, म्हणजे आपलं नाव कमलाकर असेल तर रकलामक. दगड कापायच्या आधी कळलं म्हणून वाचलो. मग मुलानं मजकुराचं चित्रच करून पाठवलं, दगडवाल्याला सांगितलं यातलं एक अक्षर टाइप करायचं नाही, फक्त छापून चिकटव.

पण चिकटवल्यावरही कटरनं स्टेन्सिल कापताना चूक होऊ शकते म्हणून मी एक रविवार हजानसाहेबांकडे बसलो. हजान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. म्हटलं मला भाषा नको, कुठली अक्षरं एकमेकांसारखी दिसतात तेवढं दाखवा. त्यांनी वहीत काढून दाखवली. दालेत आणि रेश, दोन्ही उलट्या एलसारखी, फक्त दालेतचा कोपरा चौकोनी आणि रेशचा गोल. हे आणि हेत, एकाच्या पायाला फट आहे दुसऱ्याच्या नाही. हे मला लगेच कळलं, कारण शार्प कॉर्नर की रेडियस हेच तर आयुष्यभर बघत आलो. वाव आणि झायिन सगळ्यात वाईट. वाव म्हणजे उभी रेघ आणि वर डावीकडे छोटंसं नाक. झायिन म्हणजे तीच रेघ पण डोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं. दगडावर हा फरक चार मिलिमीटरचा. मी विचारलं हे कुठे येणार? ते म्हणाले तारखेत. त्यांच्यात आकडे अक्षरांनी लिहितात, वाव म्हणजे सहा, झायिन म्हणजे सात.

वर्ष पण तसंच. ५७८३ साल लिहायला ताव, शिन, पे, गिमेल: चारशे, तीनशे, ऐंशी आणि तीन, पाच हजार सहसा लिहीत नाहीत, धरून चालतात. खाली शेवटी पाच अक्षरं असतात बहुतेक दगडांवर, त्याचा अर्थ हजानसाहेबांनी सांगितला, त्याचा आत्मा जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो. गाठोडं हा शब्द त्यांचा, मराठीत दुसरा बसत नाही म्हणाले.

मराठी ओळींवर मात्र वेळ गेला. नाव, वडलांचं नाव, गाव, ठीक. काकूंना संशोधक लिहायचं होतं. मला वाटलं ते प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसासारखं वाटतं. धाकटा म्हणाला उद्योजक लिहा. मी म्हटलं शॉपमध्ये बारा माणसं, उद्योजक म्हटल्यावर शेठ स्वतः उठून पुसतील. हजानसाहेब म्हणाले काहीच लिहू नका, तिथे सगळे सारखे. दोन आठवडे ही चर्चा, शेवटी एके दिवशी काकूच म्हणाल्या, "वेळेवर दिवा लावणारे, एवढंच लिही." ते लिहिलं.

आणि तारीख. आता इथे मुख्य घोळ.

शेठ गेले २७ फेब्रुवारी २०२३ ला, सोमवारी संध्याकाळी, घरीच. त्यांचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, रात्री बाराला नाही. त्या दिवशी सूर्यास्ताआधी गेले असतील तर अदार महिन्याची सहा तारीख, नंतर असेल तर सात. मी तिथे होतो. मी आणि काकू. खिडकीला जाड पडदे लावलेले कारण उजेडानं त्यांचे डोळे दुखायचे, त्यामुळे बाहेर काय आहे ते दिसत नव्हतं, घड्याळाकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. श्वास मोठा मोठा होत होता, मग दोन श्वासांमध्ये बरंच अंतर पडायला लागलं, मग पुढचा आलाच नाही. आम्ही वाट बघत राहिलो. आणि पॅसेजमधला दिवा लागला, टक् करून, त्यांच्याच टायमरनं.

डॉक्टर नंतर आले, त्यांनी वेळ विचारली तेव्हा काकू म्हणाल्या दिवा लागायच्या जरा आधी. दिवा सूर्यास्ताला लागतो हे घरात सगळ्यांना माहीत, आणि तेव्हा सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, म्हणून कागदावर ६:४० पडलं. त्या कागदावरून मुलानं हिशोब केला, सूर्यास्ताच्या आत, म्हणजे सहा अदार. वाव. जानेवारीच्या शेवटी दगड खोदून तयार झाला, मी भिंग घेऊन एकेक अक्षर वहीशी ताडून बघितलं, ओके केलं, पैसे दिले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंकडे बिल दाखवायला गेलो. चहा घेत बसलो होतो. काळोख पडला तरी पॅसेजचा दिवा लागेना. काकू म्हणाल्या, "हल्ली उशिराच लागतो, मला वाटलं दिवस मोठा झाला." मी स्टूल घेतलं, वरचा डबा उघडला. सिंक्रोनस मोटरला एक खोड असते, लाइट गेली की ती जागच्या जागी थांबते आणि लाइट आली की तिथूनच पुढे चालू होते. म्हणजे अर्धा तास लाइट गेली की टायमर अर्धा तास मागे. म्हणून शेठ दर शुक्रवारी सकाळी ती सुई मोबाइलशी जुळवायचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवायचे, तारीख, किती मिनिटं मागे, दुरुस्त. बारीक अक्षरात रांगच्या रांग. शेवटची नोंद २७ जानेवारी २०२३.

त्यानंतर त्यांना स्टुलावर चढता येत नव्हतं. आणि त्यांनी मला सांगितलं होतं, मला चांगलं आठवतं, शॉपच्या दारात उभे राहून, "घरच्या टायमरचं आता तू बघत जा." मी हो म्हटलं होतं. एकदाही उघडला नाही.

मी स्टुलावरच उभा राहिलो बराच वेळ. काकू खालून विचारतायत काय झालं. कारण माझ्या डोक्यात ते आलं होतं. डबा उघडला तेव्हा टायमर तासापेक्षा जास्त मागे होता, तो वर्षभरात केव्हा किती मागे पडला ते आता सांगता येणार नाही, पण त्या संध्याकाळी तो बरोबर होता असंही कुणी सांगू शकत नव्हतं. ६:४० हे कुणी घड्याळात बघितलेलंच नव्हतं. डॉक्टरांचा कागद, मुलाचा हिशोब, दगडावरचा वाव, सगळं त्या एका टक् वर उभं होतं, आणि त्या टक् ची जबाबदारी माझ्याकडे होती.

घरी येऊन मोबाइल काढला. कॉल लॉगमध्ये एवढं जुनं नव्हतं. पण शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मेसेज टाकला होता, "शेठ गेले." वर सरकवत सरकवत गेलो, दिवाळीचे फोटो, कुणाच्या पोराचं बारसं, मग तो. वेळ ७:१६. मी आठवून आठवून बघितलं, दिवा लागला, मी काकूंना खुर्चीवर बसवलं, चादर नीट केली, मेसेज टाकला. तीन मिनिटं धरा, चार धरा. म्हणजे दिवा लागला तो सात दहा-बाराला. पावणेसातला नाही. टायमर जवळजवळ अर्धा तास मागे होता, आणि शेवटचा श्वास आणि दिवा यांच्यात दोन मिनिटंही नव्हती.

रात्रभर झोप नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली एका दिवसानं काय होतंय, कुणाला कळणार आहे. ते खरं होतं, कुणालाच कळलं नसतं.

सकाळी शॉपवर न जाता हजानसाहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं, टायमर माझ्यामुळे चुकला हे पण. त्यांनी फोनवर मेसेज बघितला, दोनदा. मला समजावून सांगितलं की सूर्य मावळल्यापासून तारे दिसेपर्यंतचा वेळ त्यांच्यात धड दिवसही नाही धड रात्रही नाही, त्यात कुणी गेलं तर मोठी चर्चा होते, पण सातनंतर म्हणजे आपल्याकडे त्या दिवसांत तो वेळही जवळपास संपलेला. तरी त्यांनी एका जाणत्या माणसाला फोन लावला, हिब्रूत बोलले, मला फक्त अदार आणि व्हॉट्सॲप एवढं कळलं. फोन ठेवला आणि म्हणाले, "सात. झायिन कर." मग जरा थांबून म्हणाले सात अदार ही मोशेंची तारीख, त्यांचे सगळ्यात मोठे प्रेषित मोशे रब्बेनू त्या दिवशी गेले असं मानतात, आणि मोशेंना कुणी माणसांनी पुरलं नाही, म्हणून मयतीचं काम करणारे लोक बऱ्याच ठिकाणी हा दिवस पाळतात. शेठ तर मयतीचं काम करणारेच. मी असल्या योगायोगावर फार विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण अंगावर काटा आला हे खोटं सांगणार नाही.

काकूंना सांगायला जास्त जड गेलं. दगडावर वेळेवर दिवा लावणारे असं खोदून झालेलं आणि मी सांगायला गेलो की दिवा वेळेवर लागतच नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि चक्क हसल्या, म्हणाल्या, "ते होते तोवर वेळेवरच होता ना. नंतरचं तुझ्यावर." बस, एवढंच बोलल्या. मला वाटतं रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दगडवाला म्हणाला खोदलेलं भरून येत नाही साहेब, नवीन दगड लागेल. मी म्हटलं भरायचं नाहीये, वाढवायचंय. आमच्या धंद्यात माल काढता येतो, घालता येत नाही, आणि नशीब असं की सहाचा सात करायला माल काढायचाच होता, वावच्या डोक्याला उजवीकडे चार मिलिमीटर. सातचा सहा करायचा असता तर दगड फुकट. त्याच्या माणसाच्या हातात मी दिलं नाही. बारीक छिन्नी आणि शेठच्या टेबलावरची छोटी हातोडी घेऊन गेलो, दगडवाल्याच्या शेडमध्ये उकिडवा बसलो, खडूनं डोकं आखलं, व्हर्नियरनं मोजलं. एकेक टिचकी. ग्रॅनाइटची कपची उडते ती नेमकी जिथे नको तिथून, म्हणून दीड तास लागला. त्या अक्षराचा तो कोपरा आजही बाकीच्यांपेक्षा जरा खडबडीत आहे, हात फिरवला की कळतं.

मग वर्षाच्या प्रार्थनेची तारीख. मी २७ फेब्रुवारी धरून चाललो होतो, सिमेंटवाल्याला पण तेच सांगितलेलं. हजानसाहेब म्हणाले नाही, या वर्षी दोन अदार आहेत. त्यांच्यात एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना येतो, तो अदारच. मागच्या वर्षी साध्या अदारमध्ये गेलेल्याचं यंदा दुसऱ्या अदारमध्ये करायचं, त्यांच्या पद्धतीप्रमाणे. मला काही झेपेना, घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली अरे अधिक महिना, आपला नाही का श्रावण झाला मागच्या वर्षी, वर्षश्राद्ध निजात करतात. तिला दहा सेकंद लागले. तर सात अदार आला रविवारी, १७ मार्च २०२४ ला. सहा धरला असता तर आला असता शनिवार, आणि शब्बाथला दफनभूमीत जातच नाहीत, म्हणजे तसंही रविवारच करावा लागला असता. हे ऐकून मी हजानसाहेबांना म्हटलं मग मी एवढी झोप कशाला घालवली. ते म्हणाले तारीख कायमची असते, रविवार एका वर्षाचा.

मोठ्याचं यायचं जमलं नाही. तिथून व्हिडिओ कॉलवर होता. आम्ही सकाळी आठला पोचलो, दगड आदल्या गुरुवारी बसवून ठेवला होता, वर पांढरं कापड. शॉपमधली पोरं आली होती, आम्ही सहा जण, डोक्याला रुमाल बांधून. हजानसाहेबांनी मोजलं. त्यांच्यातले पुरुष नऊ. एकाचं पाय मुरगळल्याचं सकाळी कळलेलं. मग सुरू झाली फोनाफोनी, अमक्याला बघ, तमका डोंबिवलीहून निघालाय का. आम्ही सहा धडधाकट माणसं तिथे उभी आणि मोजणीत एकही नाही. वाईट वगैरे वाटलं नाही, नियम आहे. फक्त आमच्यातला सर्वात धाकटा पोरगा हळूच म्हणाला, "दहा झाले का शेठ?" आणि आम्हाला हसूही येईना रडूही येईना. वीस मिनिटांनी एक कॉलेजचा मुलगा रिक्षातून उतरला, केस ओले, उलटा टी-शर्ट घातलेला. दहा झाले.

कापड काढलं. हजानसाहेबांनी हश्काबा, म्हणजे गेलेल्याच्या आत्म्यासाठीची प्रार्थना म्हटली, मग कद्दीश मोठ्या मुलानं अश्दोदहून म्हणायला सुरुवात केली, पण मोबाइलचा आवाज मागेपुढे व्हायला लागला, म्हणून इथल्या एकानं त्याच्याबरोबर म्हटली. लोकांनी दगडावर छोटे खडे ठेवले, त्यांच्यात फुलं नाही, खडे ठेवतात. मी खिशातून एक जुनी पितळेची चकती आणली होती, रिजेक्ट झालेली, डिसेंबरात अडकणारी. ठेवू का म्हणून काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नाही. मग खडाच ठेवला.

बाहेर नळावर हात धुतले सगळ्यांनी. घरी केळं, खजूर, पाव, उकडलेलं अंडं, प्रत्येक गोष्ट खाताना वेगळी प्रार्थना, आम्ही नुसतं आमेन म्हणत होतो. लोक गेल्यावर मी स्टूल घेतलं. सुई मोबाइलशी जुळवली, आवाज ऐकला, झाकण लावायच्या आधी खिशातली पेन्सिल काढली आणि शेठच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: १७ मार्च, ९ मि. मागे, दुरुस्त. काकू खालून म्हणाल्या, "नऊ? गेल्या महिन्यात तर जुळवलास ना?" मी म्हटलं मधे दोनदा लाइट गेली होती. म्हणाल्या, "मग शुक्रवारी ये परत."